सातव्या दिवसानंतर

गोदावरीच्या काठी एक म्हातारा राहत होता आणि त्याला करणीची भीती बसली होती. पाली वाङ्मयातल्या एका फार जुन्या शोधयात्रेचा आरंभ असा आहे. म्हाताऱ्याचं नाव बावरी. ब्राह्मण, तिन्ही वेदांत पारंगत, वय वर्षं एकशेवीस. कोसल देश सोडून तो दक्षिणेत आला आणि अस्सकांच्या मुलखात नदीकाठी राहिला. शेतात सांडलेले दाणे वेचायचे, रानातली फळं खायची, एवढाच चरितार्थ. जवळच एक गाव होतं. त्या गावाच्या उत्पन्नातून त्यानं मोठा यज्ञ केला आणि होतं नव्हतं ते वाटून टाकलं. आश्रमात येऊन टेकतो न टेकतो तोच दुसरा एक ब्राह्मण दारात उभा. पाय सोललेले, दात किटलेले, डोक्यावर धूळ. म्हणाला, पाचशे नाणी दे. बावरी म्हणाला, बाबा रे, आता काहीच उरलं नाही. तेव्हा त्या पाहुण्यानं कसल्याशा विधीचं सोंग केलं आणि शाप दिला: देणार नसशील तर आजपासून सातव्या दिवशी तुझ्या डोक्याची सात शकलं होतील.

बावरीचं अन्न तुटलं. वेद मुखोद्गत, पाचशे शिष्य, नुकताच महायज्ञ केलेला, आणि एका भामट्याच्या चार शब्दांनी माणूस वाळून चालला. मग आश्रमातल्या एका देवतेला कीव आली. ती म्हणाली, अरे, तो लबाड आहे, पैशांसाठी आलेला. डोकं म्हणजे काय आणि डोकं फुटणं म्हणजे काय, त्याला काय ठाऊक? मग कुणाला ठाऊक आहे, असं बावरीनं विचारलं. मलाही नाही, ती म्हणाली, पण उत्तरेत शाक्यकुळातला एक जण आहे, त्याला विचार. बावरीच्यानं आता चालवत नव्हतं. त्यानं सोळा शिष्य पाठवले.

सुत्तनिपाताच्या शेवटच्या भागात, पारायनवग्गात, ही गोष्ट आहे. सोळा जण कोणत्या वाटेनं गेले त्याची यादीही तिथे मिळते: आधी प्रतिष्ठान म्हणजे आपलं पैठण, मग माहिष्मती, उज्जैन, विदिशा, कोसंबी, साकेत, श्रावस्ती, कपिलवस्तू, कुसिनारा, पावा, वैशाली आणि अखेर मगधातलं पाषाणक चैत्य. अस्सक म्हणजे अश्मक, अंगुत्तरनिकायातल्या सोळा महाजनपदांपैकी दक्षिणेतलं एकमेव. त्याची राजधानी पोतन बहुतेक अभ्यासक निजामाबाद जिल्ह्यातल्या बोधनशी जोडतात. बोधनहून गोदावरीच्या कडेकडेनं पैठणला चालत निघालं तर नांदेड लागतं, मग परभणी जिल्हा लागतो: पालम, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी. बावरीचा आश्रम नेमका कुठे होता हे पोथी सांगत नाही. तेलंगणात गोदावरीतल्या बादनकुर्ती बेटाला तो मान दिला जातो. आपण त्यात पडू नये. साईबाबांच्या जन्मस्थळावरून पाथरी आणि शिर्डी यांच्यात २०२० साली जे झालं, तेवढं एका जिल्ह्याला पुरे. पण सोळा जण या काठानं गेले असतील असं मानायला नकाशाची हरकत नाही, आणि मला तेवढं पुरतं.

इथे एक कबुली द्यायला हवी. सोळा जणांचे बुद्धांशी झालेले संवाद अतिशय जुने आहेत. इतके जुने, की त्रिपिटकातली इतर सुत्तं त्यांचा नावानिशी उल्लेख करतात. चूळनिद्देस नावाची त्यांची टीका खुद्द त्रिपिटकातच आहे. मात्र बावरीची कथा, तो शाप, ती देवता, तो प्रवास, या प्रस्तावनेच्या गाथांवर त्या टीकेत अक्षर नाही. म्हणून अनेक अभ्यासक हा भाग मागाहून जोडलेला मानतात. म्हणजे कुणीतरी एक कथाकार होता. त्याच्या हाती सोळा कोरडे, टोकदार प्रश्न आले आणि ते प्रश्न विचारणारी माणसं कुठून, कशासाठी आली असतील याची त्यानं गोष्ट रचली. ज्ञानप्राप्तीच्या वाटेवरची, मला माहीत असलेली, ही सर्वांत जुनी कादंबरी गोदावरीकाठी घडते. आणि तिचा लेखक आजच्या लेखकांपेक्षा धीट होता, असं माझं मत आहे.

धीट अशासाठी, की शोधाची सुरुवात त्यानं उदात्त ठेवली नाही. आपल्याला सवय झालीय ती वेगळ्या आरंभाची. राजपुत्र रथातून निघतो, वाटेत म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी दिसतात, त्याचं मन उडतं, मध्यरात्री तो झोपलेल्या बायकोकडे आणि बाळाकडे एकदा पाहून घोड्यावर स्वार होतो. अश्वघोषाच्या 'बुद्धचरिता'पासून कॅलेंडरवरच्या चित्रांपर्यंत थोड्याफार फरकानं हेच. पण दीघनिकायातल्या महापदानसुत्तात ही चार दृश्यं गौतमाच्या नव्हे, विपस्सी नावाच्या पूर्वीच्या बुद्धाच्या चरित्रात येतात. मज्झिमनिकायातल्या अरियपरियेसनसुत्तात गौतम स्वतः सांगतात तेव्हा रथ नाही, मध्यरात्र नाही. आईबाप रडत असताना, त्यांच्यादेखत केस उतरवून घर सोडलं, एवढंच. मागच्या काळानं त्या साध्या वाक्याला नाटक चढवलं. बावरीच्या कथाकारानं त्याउलट केलं. त्याचा नायक मृत्यूचं तत्त्वज्ञान पाहून हादरत नाही, तो स्वतःचं डोकं फुटेल म्हणून हादरतो. मराठवाड्यात भानामतीच्या धास्तीनं गावंच्या गावं कशी झोप गमावून बसत, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना ही भीती समजावून सांगावी लागत नाही. जादूटोण्याविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात २०१३ साली झाला, तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर. बावरीच्या देवतेनं तो निकाल कधीच देऊन ठेवला होता: लबाड आहे, पैशांसाठी आलाय.

पुढे बुद्धांनी त्या शापाचं काय केलं ते पाहण्यासारखं आहे. त्यांनी अंगारा दिला नाही आणि 'छे, असं काही नसतं' असं म्हणून उडवूनही लावलं नाही. त्यांनी शब्द बदलून टाकले. डोकं म्हणजे अविद्या, म्हणाले, आणि ते फोडणारी ती विद्या. तिच्या जोडीला श्रद्धा, स्मृती, समाधी, इच्छा आणि उद्योग. ज्या गोष्टीची म्हाताऱ्याला धास्ती होती तीच घडायला हवी, फक्त फुटायचं डोकं दुसरं आहे. इतक्या साध्या हिसक्यानं भीतीचं शोधात रूपांतर झालं.

आता हेर्मान हेसेकडे जरा वळू, कारण शिकलेल्या मराठी माणसाच्या मनात 'साधकाची वाट' म्हटलं की बहुधा हेसेचा 'सिद्धार्थ' उभा राहतो. कादंबरी १९२२ सालची, जर्मन. त्यावरच्या १९७२ च्या चित्रपटात शशी कपूर. हेसेचा सिद्धार्थ म्हणजे गौतम बुद्ध नव्हे. तो त्याच काळातला एक ब्राह्मणपुत्र. तो बुद्धांना भेटतो, त्यांच्यापुढे नम्र होतो आणि म्हणतो, तुमची शिकवण निर्दोष आहे, पण मुक्ती शिकवणीनं मिळत नाही, म्हणून मी निघालो. त्याचा मित्र गोविंद संघात राहतो. सिद्धार्थ पुढे गणिका, पैसा, पोट आणि पोटचा मुलगा यांतून जात एका नावाड्याच्या झोपडीत पोचतो आणि नदी ऐकून ज्ञानी होतो. हेसे १९११ मध्ये पूर्वेकडे आला तो सिलोन आणि सुमात्रापर्यंत. भारताच्या मुख्य भूमीवर त्यानं पाऊल ठेवलं नाही. त्याचा भारत पुस्तकांतून आणि आजोळच्या मिशनरी घरातून आलेला. कादंबरी वाईट नाही. विशीत ती वाचताना अंगावर काटा येतो, माझ्याही आला होता. पण ती नदी वर्षभर दोन्ही थड्या भरून वाहते आणि ॐ म्हणते. आमची एप्रिलात ढालेगाव, मुदगल, डिग्रसच्या बंधाऱ्यांमागे डबकी करून पडलेली असते आणि तिच्या पात्रातून वाळूच्या हायवांचे आवाज येतात.

माझी तक्रार नदीबद्दल नाही. हेसेनं बुद्धांपुढे ठेवलेला आक्षेप, की मुक्ती दुसरा देऊ शकत नाही, तो मोठं बंड म्हणून वाचला जातो. तो आक्षेप नाहीच. पारायनवग्गात धोतक नावाचा शिष्य बुद्धांना विनवतो की मला शंकांतून सोडवा. बुद्ध त्याला सांगतात, जगातल्या कुठल्याही शंकाग्रस्ताला मी सोडवू शकणार नाही. तू स्वतः जाणशील तेव्हा तूच हा पूर ओलांडशील. म्हणजे हेसेच्या नायकानं जे सांगून निरोप घेतला, ते बुद्धांनी आधीच मान्य केलेलं होतं, आणि ते ऐकून धोतक उठून गेला नाही. त्याच्या शेजारी उपसीव बसलेला होता. त्याचं म्हणणं बरोबर उलटं: एवढा मोठा पूर मला एकट्यानं, आधाराशिवाय तरता येणार नाही, काहीतरी आधार सांगा. एकाला सुटका हवी, दुसऱ्याला आधार हवा. तिसरा मोघराज, त्यानं याआधी दोनदा विचारून पाहिलं होतं आणि उत्तर मिळालं नव्हतं. तो तिसऱ्यांदा विचारतो. अजित, पुण्णक, मेत्तगू, तोदेय्य, कप्प, उदय, पोसाल. प्रत्येकाचा प्रश्न वेगळा. सोळा जण एका वाटेनं चालत आले तरी सोळांचं मिळून एक निवेदन केलं नाही. आणि एकटाही कुणी आला नाही. जर्मन कादंबरीनं आपल्याला शिकवलं की खरा साधक गर्दीतून बाजूला होतो. गोदावरीच्या कथेत साधक टोळीनं चालतो आणि आपापलं विचारतो.

घर सोडण्याचंही तसंच. गृहत्याग करायला आधी घर लागतं. राजपुत्राला महाल होता, हेसेच्या सिद्धार्थाला बापाचं अग्निहोत्र होतं, बावरीला वाटून टाकायला यज्ञाचं द्रव्य होतं. गंगाखेडच्या जनाबाईला काय होतं? ती नामदेवांच्या घरची दासी. दुसऱ्याच्या दारात दळण, कांडण, शेण, पाणी. तिनं काय सोडायचं आणि कुठून निघायचं? तिला देवालाच जात्यापाशी बोलावून घ्यावं लागलं. थेरीगाथेतली पुण्णा हीदेखील दासीच, पहाटेच्या थंडीत नदीवरून पाणी भरणारी. तिनं नदीत बुडी मारून पाप धुणाऱ्या एका ब्राह्मणाला असा सवाल केला, की त्याला नदीतून बाहेर यावं लागलं. दक्षिण काशी म्हणवणाऱ्या गंगाखेडच्या घाटावर तो सवाल आजही कुणी करावा. अंगुत्तरनिकायात आणखी एक बाई आहे, वेळुकंटकीची नंदमाता. ती पहाटे उठून पारायनाचे हे सोळा संवाद स्वरात म्हणत होती, आणि आकाशमार्गानं जाणारा कुबेर ऐकत थांबला. म्हणजे गोदावरीकाठून गेलेले प्रश्न एका गृहिणीच्या तोंडी पहाटेचं गाणं होऊन बसले होते. मराठवाड्यात पहाटे जात्यावर बसून बायांनी विठ्ठलाच्या ओव्या गायल्या, त्याच जात्यावर पुढे भीमाच्या आणि बुद्धाच्याही गायल्या. हा वारसा कुणी मुद्दाम पोचवलेला नाही, पण सूर ओळखीचा आहे.

ज्यांच्याकडे सोडायला काही नाही, त्यांच्यासाठी ज्ञानाची वाट त्यागातून जात नाही, हे आपल्या साधककथांना फार उशिरा कळलं. कळलं तेही मराठीत, आणि त्याआधी एका गोव्याच्या माणसाला घर सोडावं लागलं. धर्मानंद कोसंबी, साखवाळचे. १८९७ साली 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धचरित्र वाचलं आणि १८९९ च्या अखेरीस बायको आणि तान्ही मुलगी मागे ठेवून निघाले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, मग पायपीट करत नेपाळ, कारण तिथे बौद्ध धर्म जिवंत आहे असं ऐकलं होतं. काठमांडूत त्यांना जे दिसलं त्यानं त्यांची घोर निराशा झाली. तिथून गया, कलकत्ता, आणि १९०२ मध्ये सिलोनला सुमंगलाचार्यांकडे दीक्षा. 'निवेदन' या आत्मचरित्रात हा प्रवास त्यांनी विलक्षण कोरडेपणानं सांगितलाय. उपास, अपमान, खिशातले पैसे, सगळं हिशेबानं. तोवरचं चरित्र म्हणजे हेसेची कादंबरीच, वीस वर्षं आधी जगलेली. पण कोसंबी परतले. संसार पुन्हा जोडला, कलकत्त्यात पाली शिकवली, बडोद्याच्या सयाजीरावांचं वेतन घेऊन महाराष्ट्रात आले आणि १९१२ पासून सहा वर्षं फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवत राहिले. सुत्तनिपात त्यांनी मराठीत आणला. बावरीचे शिष्य ज्या भाषेच्या मुलखातून उत्तरेत गेले, त्या भाषेत ते परत आले कोसंबींच्या हातून.

याच कोसंबींनी चार दृश्यांची कथा बाजूला ठेवली. एकोणतीस वर्षांच्या माणसानं तोवर म्हातारा पाहिला नव्हता, यावर त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी बोट ठेवलं सुत्तनिपातातल्याच अत्तदंडसुत्तावर, जिथे बुद्ध आपल्याला वैराग्य का आलं ते सांगतात: माणसं शस्त्र उचलून एकमेकांवर उठलेली, आटत्या डोहातल्या मासळीसारखी तडफडताना पाहिली म्हणून. शाक्य आणि कोलिय यांच्यातला रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा हे गृहत्यागाचं खरं कारण, असा निष्कर्ष कोसंबींनी काढला आणि 'बोधिसत्त्व' या नाटकात तो मांडला. डॉ. आंबेडकरांच्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर निघालेल्या ग्रंथात, हाच धागा पूर्ण विणला गेला. त्यांचा सिद्धार्थ शाक्यांच्या संघात युद्धाला विरोध करतो, बहुमत विरोधात जातं, कुटुंबावर बहिष्कार आणि जमीनजप्ती येईल असं दिसतं, तेव्हा तो परिव्राजक होण्याची शिक्षा स्वतःहून मागून घेतो. यशोधरा झोपलेली नसते. तिला सगळं ठाऊक असतं आणि ती संमती देते.

पुराव्याच्या अंगानं ही मांडणी कच्ची आहे, हे मान्य करूनच पुढे जावं. अट्ठकथांत, म्हणजे पाली टीकाग्रंथांत, रोहिणीचा तंटा बुद्धत्वप्राप्तीनंतरचा आहे, बुद्ध तो मिटवायला जातात. तो मागे सरकवणं हा कोसंबींचा तर्क होता, आणि आंबेडकरांनी तो जाणून स्वीकारला. पण राजवाड्याची कथा तरी कोणत्या पुराव्यावर उभी आहे? दोन्ही कथाकारांच्याच निवडी. मग विचारायचं ते एवढंच, की कोणती निवड कुणाला बोलते. परभणी जिल्ह्यात जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या शेवटाला शेती असलेल्या माणसाला रोहिणीची गोष्ट समजावून द्यावी लागत नाही. कालवा २०८ किलोमीटरचा. धरण भरलं की नाही हे वर नगर आणि नाशिककडून किती सुटलं त्यावर, आवर्तन सुटलं तरी टेलला पोचेल की नाही हे वाटेतल्या चाऱ्यांवर. समन्यायी पाणीवाटपासाठी मराठवाडा कोर्टापर्यंत गेला. पाण्यावरून भाऊ भावावर कुऱ्हाड उचलतो, हे पाहून ज्याचं मन उडालं, तो बुद्ध या मातीला ओळखीचा वाटणारच. महालातल्या राजपुत्राचं वैराग्य इथे ऐकू येतं ते कीर्तनातल्यासारखं. हे ऐकू येतं ते बांधावरून.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो विरोधकांनीच घेतलाय असं नाही. म्हणतात, तुम्ही ज्ञानप्राप्तीचं समाजशास्त्र करून टाकलंत. तंटा मिटवायला माणूस घर सोडेल, पण बोधिवृक्षाखाली बसून जे झालं ते पाणीवाटप नव्हतं. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंनी एका दिवसात धम्म स्वीकारला, त्यात साधक कोण होता, साधना कुठली? ती तर चळवळ होती. हा आक्षेप मी अनेक वर्षं डोक्यात घेऊन फिरलोय. त्यातला पहिला अर्धा भाग मला खरा वाटतो. आंबेडकरांच्या ग्रंथात ध्यानाला जागा आहे, पण अंग चोरून. चार आर्यसत्यं मुळातली की मागाहून आलेली, असा प्रश्न त्यांनी प्रस्तावनेतच टाकलाय. तो टाकायला छाती लागते. पण तो टाकल्यावर दुःखाच्या आतल्या बाजूकडे जाणारी पायवाट ग्रंथात रुंद झालेली नाही, असं मला वाटतं. इगतपुरीला विपश्यनेसाठी दहा दिवस मौनात बसायला जाणारी मराठवाड्यातली मंडळी त्याच पायवाटेच्या शोधात जातात.

दुसरा अर्धा भाग मात्र साफ चुकीचा. गौतमानं सहा वर्षं शोधलं. येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ ला हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर करणाऱ्या माणसानं पुढची एकवीस वर्षं शोधण्यात घालवली, वाचत, ताडून पाहत, नाकारत. एकाच्या तपाला आपण साधना म्हणतो आणि दुसऱ्याच्या ग्रंथवाचनाला राजकारण. शिवाय लाखोंनी एकदम उठणं म्हणजे विचार न करणं, हे कुणी ठरवलं? बावरीचे सोळाही एकदमच निघाले होते. मराठवाड्यात या निर्णयाची किंमत नंतर मोजली गेली. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळानं २७ जुलै १९७८ ला केला, आणि परभणीसह मराठवाड्याच्या गावोगावी दलित वस्त्या पेटल्या. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. साधकाची परीक्षा मोहात पाडणारा मार घेतो, असं बौद्ध कथा सांगतात. इथे माराला चेहरे होते आणि ते शेजारचे होते.

बाबासाहेबांनी औरंगाबादेत १९५० साली महाविद्यालय काढलं, त्याला पुढे मिलिंद हे नाव दिलं. परिसराचं नाव नागसेनवन. मला ही जोडी फार सूचक वाटते. 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात राजा मिलिंद प्रश्न विचारतो आणि भिक्खू नागसेन उत्तरं देतो. पोरं जिथे बसून शिकणार त्या इमारतीला नाव प्रश्न विचारणाऱ्याचं. उत्तर देणाऱ्याचं नाव भोवतालच्या झाडांना. परभणी, नांदेड, बीडहून ट्रंक घेऊन तिथे पोचलेल्या पहिल्या पिढीनं ही गोष्ट मनावर घेतली. दलित साहित्यातला मोठा भाग त्याच आवारातून निघाला, आणि ते साहित्य म्हणजे प्रश्नच होते.

आणि म्हणूनच आज जे दिसतं ते खटकतं. परभणी जिल्ह्यात खेडोपाडी विहारं आहेत. वर्षावासात, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जातो. पांढऱ्या साड्यांतल्या बाया, मागे टेकून बसलेले म्हातारे, वाचणारा बहुतेकदा एखादा निवृत्त शिक्षक. वंदना होते, वाचन होतं, खीर वाटली जाते. प्रश्न विचारायची वेळ कार्यक्रमपत्रिकेत नसते. पूर्णेच्या धम्म परिषदेला दरवर्षी माणसं लोटतात, मंचावरून धम्मदेसना होते, खालून साधुकार होतो. मोघराजासारखं कुणी तिसऱ्यांदा उठून 'माझं अजून समाधान झालेलं नाही' असं म्हटलं तर काय होईल? बहुधा संयोजक त्याला हातानं खाली बसवतील. आपण लढून बुद्ध मिळवला म्हणून त्याच्याबद्दल शंका घेणं फितुरी वाटू लागली. ज्याला लढावं लागलं त्याची ही भावना मला समजते. पण पारायनवग्गातला बुद्ध सोळा परक्या ब्राह्मणांना प्रश्न सुरू होण्याआधी जे वाक्य ऐकवतो त्याचा मथितार्थ असा, की बावरीच्या आणि तुम्हा सर्वांच्या मनात ज्या काही शंका असतील त्या विचारा. तिथे परवानगीची गरज नव्हती, इथे ती लागते.

एका गोष्टीत मात्र या विहारांनी जगातल्या सगळ्या साधक-कादंबऱ्यांना मागे टाकलंय, आणि त्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. श्रामणेर शिबिर. दहा दिवस केस उतरवायचे, चीवर घालायचं, दुपारनंतर जेवायचं नाही, भंतेजींबरोबर राहायचं आणि अकराव्या दिवशी घरी यायचं. त्यात एस. टी.चे वाहक असतात, तलाठी असतात, कापूस विकून मोकळे झालेले शेतकरी असतात. घर सुटतं आणि परत मिळतं. थेरवादी देशांत, थायलंडात तर फारच, तात्पुरत्या प्रव्रज्येची प्रथा जुनी आहे. आमच्याकडे ती आली आणि रुजली, कारण इथल्या माणसाला कायमचं निघून जाणं परवडत नाही. २०२३ च्या जानेवारीत थायलंडचे शंभरावर भिक्खू बुद्धांचा अस्थिधातू घेऊन परभणीहून चालत निघाले आणि फेब्रुवारीत मुंबईला चैत्यभूमीवर पोचले. त्या पदयात्रेच्या पुढाकारात गगन मलिक होता. २०१३ च्या 'श्री सिद्धार्थ गौतम' या सिंहली चित्रपटात त्यानं सिद्धार्थाचं काम केलं आणि पुढे तो धम्माच्याच कामाला लागला. नटाला भूमिका चिकटली म्हणून हसणारे हसले. मला त्यात हसण्यासारखं दिसत नाही. कथेतून वाटेला लागलेला तो पहिला नाही. कोसंबी तर लहान मुलांच्या मासिकातून लागले.

परत येण्याचा विषय निघालाच आहे तर पिंगियाकडे जायला हवं. सोळांतला शेवटचा. म्हातारा, अंगात जोर नाही, डोळ्यांना धड दिसत नाही, कानांना ऐकू येत नाही. बुद्धांना तो सांगतो ते एवढंच, की मी असाच गोंधळलेला अर्ध्या वाटेवर मरू नये असं काहीतरी सांगा. अट्ठकथा म्हणते, बाकी पंधरा जण तिथल्या तिथे अर्हत झाले. पिंगिया झाला नाही. कारणही तिथेच दिलंय आणि ते वाचून मी पुस्तक मिटून बसलो होतो. हा बावरीचा भाचा. उपदेश ऐकता ऐकता त्याच्या मनात मधूनच येत होतं, की असलं बोलणं माझ्या मामाला ऐकायला मिळालं नाही.

टीकाकार ही उणीव म्हणून नोंदवतात. आसक्ती उरली, म्हणून फळ एक पायरी कमी. हेसेच्या मापानंही पिंगिया नापासच, कारण ना तो एकटा, ना त्याचं ज्ञान पूर्ण. पण कथाकारानं शेवटचं प्रकरण पंधरा अर्हतांना दिलेलं नाही, पिंगियाला दिलंय. पंधरा जण कथेतून पुसले जातात. परत येतो तो मामाची आठवण काढून एकाग्रता मोडलेला म्हातारा, मगधापासून गोदावरीपर्यंत, तीच सगळी वाट उलटी चालून. कुणी पोचवलं त्याला, कथाकार सांगत नाही. तो येतो आणि बावरीपुढे बसून त्यानं जे ऐकलं ते सांगू लागतो. बावरी मध्येच विचारतो, की असा गुरू भेटला असताना त्याच्यापासून क्षणभर तरी लांब कसा राहिलास? पिंगिया म्हणतो, लांब नाहीच. शरीर थकलं म्हणून जाववत नाही, मन रात्रंदिवस तिथेच असतं.

आणि इथे, गोष्ट संपता संपता, एक गोष्ट लक्षात येते जी कथाकारानं मुद्दामच उच्चारलेली नाही. शापाची मुदत सात दिवसांची होती. सोळा जण निघाले तेव्हा सातव्या दिवशी जेमतेम पैठणच्या आसपास असतील. उज्जैन, विदिशा, श्रावस्ती, वैशाली, मगध, आणि मग तेवढीच वाट परत. सातवा दिवस केव्हा येऊन गेला, त्या रात्री बावरी झोपला की जागला, याची कुठेही नोंद नाही, आणि परत आलेला भाचाही ते विचारत नाही. नदीकाठी दोन म्हातारे बोलत बसलेत, एकाला दिसत नाही आणि दुसऱ्याचं डोकं शाबूत आहे.